लॉ फर्ममध्ये ओळखीने शिरताना: ठाणे-नवी मुंबईच्या नव्या वकिलांसाठी

मी ठाणे पूर्वेची, कोपरीची. घरात कुणी वकील नाही. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, आई शिवणकाम करते. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात आली त्या आठवड्यात मी फोर्ट, नरिमन पॉइंट आणि लोअर परळच्या साठ-पासष्ट फर्मना एकच मेल पाठवला. दोन उत्तरं आली, दोन्ही नकाराची. आठ महिन्यांनी मी फोर्टमधल्या एका फर्मच्या रिअल इस्टेट टीममध्ये रुजू झाले. गंमत नाही, पण ती फर्म त्याच साठ-पासष्टांत होती. माझा मेल तिथे कुणी उघडलाही नव्हता.

मधल्या आठ महिन्यांत जे केलं ते क्रमाने लिहिते आहे. आपल्याकडे ओळख म्हटलं की पहिल्यांदा वशिला आठवतो. फर्ममधलं गणित निराळं आहे. ज्युनिअरची चूक पक्षकारापर्यंत पार्टनरच्या, म्हणजे फर्मच्या भागीदार वकिलाच्या, सहीने जाते, त्यामुळे पार्टनरला असा माणूस हवा असतो ज्याचं काम कुणीतरी विश्वासातल्याने आधी पाहिलंय. मोठ्या फर्म राष्ट्रीय विधी विद्यापीठांत कॅम्पसला जातात. मधल्या आणि लहान फर्ममध्ये कुणी सोडून गेलं की टीममध्येच विचारणा होते, ‘कुणी आहे का माहितीतलं?’ जाहिरात निघतच नाही. त्या प्रश्नाला तुमचं नाव कुणाच्या तोंडी यावं, एवढ्यासाठीच पुढची सगळी खटपट.

## १. कुठलं काम हवंय ते आधी ठरवा

‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्याला मदत करणं सर्वांत अवघड जातं, कारण त्याला कुणाकडे पाठवायचं हेच समोरच्याला कळत नाही. कोर्टात उभं राहायचंय, की करारांचं काम करायचंय, की जमीन-मालमत्तेचं? एक निवडा. पुढे बदलता येतं.

निवडताना आपण राहतो कुठे याचाही विचार करा. ठाण्यात जिल्हा न्यायालय आहे आणि घोडबंदर रोडपासून नौपाड्यापर्यंत पुनर्विकासाची कामं चालू आहेत. नवी मुंबईत सिडकोच्या लीजच्या जमिनी, साडेबारा टक्के योजनेचे (जमीन गेलेल्या गावकऱ्यांना मिळालेले) भूखंड, त्रिपक्षीय करारनामे, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले कारखाने आणि वाशीला कर्जवसुली न्यायाधिकरण आहे. बेलापूरला वाढलेल्या मुलीने सिडकोची हस्तांतरणाची कागदपत्रं घरीच पाहिलेली असतात. फोर्टमधल्या कित्येक असोसिएटना, म्हणजे फर्ममधल्या कनिष्ठ वकिलांना, ती पहिल्यांदा नोकरीतच दिसतात. हे भांडवल आहे, ते ओळखा.

## २. ओळखींची वही घाला

खरीखुरी वही किंवा एक्सेल, काहीही चालेल. पाच रकाने करा: नाव, ओळख कशी झाली, सध्या काय करतात, शेवटचं बोलणं कधी झालं, आणि त्यांनी माझं कुठलं काम पाहिलंय. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. माझ्या वहीत सुरुवातीला एकतीस नावं होती आणि तो रकाना फक्त तीन नावांपुढे भरलेला होता. त्या दिवशी मला कळलं की मी ओळखी कमावल्या नव्हत्या, नुसते फोन नंबर जमवले होते.

नावं कुठून आणायची? कॉलेजातले दोन-तीन वर्षं पुढचे विद्यार्थी सर्वांत आधी. ते फर्ममध्ये नुकतेच लागलेले असतात, त्यांना स्वतःची धडपड अजून आठवत असते, आणि जागा रिकामी होणार हे त्यांनाच पहिल्यांदा कळतं. मग जिथे इंटर्नशिप केली तिथले असोसिएट. मूट कोर्टला (कॉलेजातल्या सराव-खटल्याला) जज म्हणून आलेले वकील. कॉलेजात शिकवायला येणारे आणि स्वतः प्रॅक्टिस करणारे सर-मॅडम.

आता वकिलीबाहेर बघा. सीए आणि कंपनी सेक्रेटरी फर्मबरोबर रोज काम करतात. बँकेच्या कर्ज विभागातला माणूस पॅनलवरच्या, म्हणजे बँकेने ठरवलेल्या यादीतल्या, वकिलांना ओळखतो. तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू असेल तर समितीचा कुणीतरी बिल्डरच्या वकिलांसमोर बसलेला असतोच. वकिलांच्या क्लार्कना तर विसरूच नका. कुठल्या ऑफिसात कोण टिकत नाही, कुठे माणूस हवाय, कुठे स्टायपेंड वेळेवर मिळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. त्यांच्याशी आदराने बोला. काम शिकायला मिळतं ते वेगळंच.

## ३. कागद तयार करून मगच तोंड उघडा

कुणी ‘पाठव तुझा सीव्ही’ म्हटलं आणि तुम्ही चार दिवसांनी पाठवला, तर तो माणूस तोवर विसरलेला असतो. म्हणून एका फोल्डरमध्ये हे आधीच ठेवा:

- एका पानाचा सीव्ही, पीडीएफमध्ये. फाइलच्या नावात तुमचं पूर्ण नाव. नुसतं ‘सीव्ही फायनल’ नको.
- सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका एकाच फाइलमध्ये.
- सनद किंवा बार कौन्सिलचं ओळखपत्र. ऑल इंडिया बार एक्झाम झाली असेल तर तिचं प्रमाणपत्र. झाली नसेल तर सीव्हीत तसं स्पष्ट लिहा. तात्पुरत्या सनदेवर दोन वर्षांत ती पास व्हावी लागते हे फर्मला माहीत असतं, लपवून काही साधत नाही.
- इंटर्नशिपची प्रमाणपत्रं.
- दोन-तीन पानांचा लेखनाचा नमुना.
- तुमच्याबद्दल सांगू शकतील अशा दोघांची नावं, त्यांची परवानगी घेऊन.
- पॅन, आधार, बँकेचा तपशील. हे रुजू होताना लागतं, आधी कुणालाही पाठवू नका.

लेखनाच्या नमुन्यापाशी जरा थांबा. इथे चांगली मुलं घसरतात. इंटर्नशिपमध्ये केलेला खरा ड्राफ्ट, नावं खोडून, नमुना म्हणून पाठवतात. असं कधीही करू नका. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं गुपित राखण्याचं बंधन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे आणि ते वकिलाच्या कारकुनांना व नोकरांनाही लागू होतं. फर्ममधला माणूस तो ड्राफ्ट वाचताना पहिला विचार हाच करेल की उद्या आमचे कागदही असेच बाहेर जातील. त्याऐवजी मुंबई उच्च न्यायालयाचा एखादा प्रकाशित निकाल घ्या आणि त्यावर स्वतःची टिपण लिहा: वाद काय, प्रश्न काय, कोर्टाने काय धरलं, पक्षकाराला यातून काय सल्ला द्यावा. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं. इंग्रजी ड्राफ्टिंगची धास्ती होती. रोज एक निकाल वाचून अर्ध्या पानात इंग्रजीत सार लिहायचं, असं चार महिने केलं. त्यातलीच दोन टिपणं पुढे नमुना म्हणून कामी आली.

आणखी एक, अजून शिकत असाल तर. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. ओळखीच्या वकिलाकडून नुसतं सर्टिफिकेट आणणारे बरेच असतात. त्यांच्या वहीतला पाचवा रकाना कायम कोरा राहतो. १२ आठवडे म्हणजे तुमचं काम पाहणारी किमान तीन-चार माणसं. ती हातची घालवू नका.

## ४. पहिला मेसेज: नोकरी मागू नका, वीस मिनिटं मागा

‘सर, तुमच्या फर्ममध्ये व्हेकन्सी आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं, आणि तिथे बोलणं संपतं. मेल बहुधा इंग्रजीतच जाईल, पण मजकूर साधारण असा ठेवा:

‘नमस्कार मॅडम. मी ठाण्यातल्या लॉ कॉलेजची, २०२३ ची बॅच. आपण आमच्या मूट कोर्टला जज म्हणून आला होता, तेव्हा डीम्ड कन्व्हेयन्सवरचा माझा युक्तिवाद आपण दुरुस्त केला होता. मला मालमत्तेच्या कामात यायचं आहे. या कामाची सुरुवात कशी करावी याबद्दल आपली वीस मिनिटं मिळाली तर फोर्टला येऊन भेटेन. पुढच्या दोन आठवड्यांत आपल्या सोयीने. सीव्ही सोबत जोडलेला नाही, आपण सांगितल्यास पाठवेन.’

ओळख कुठली, हवंय काय, किती वेळ आणि कधी, चारही गोष्टी यात आहेत. गावचं नाव, आडनाव, कुणाचे कोण, यातलं काही नाही. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदाच आठवण करा. त्यानंतर थांबा.

वेळ पाळा. कोर्टात जाणाऱ्या वकिलाला सकाळी फोन करू नका, त्याच्या हातात त्या दिवसाचा बोर्ड (सुनावणीच्या प्रकरणांची यादी) असतो. कोर्टाच्या सुट्ट्या लागण्याआधीचा आठवडाही टाळा, सगळ्यांना तातडीच्या मॅटरची घाई असते. सुट्टी सुरू झाल्यावर तीच माणसं निवांत बोलतात. मला सर्वांत चांगल्या भेटी मे महिन्यात मिळाल्या.

आणि भीड सोडा. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक वकीलकाका राहतात, कोर्ट नाक्याजवळ त्यांचं ऑफिस आहे. दोन वर्षं मी त्यांना लिफ्टमध्ये नुसतं ‘नमस्कार काका’ म्हणत होते. काय वाटेल, आईबाबांना कमीपणा येईल, असं काहीबाही मनात यायचं. शेवटी आईच म्हणाली, ‘भीड भिकेची बहीण. जा आणि विचार.’ गेले, विचारलं. काका म्हणाले, ‘अगं, इतके दिवस कुठे होतीस?’

## ५. भेटीत काय बोलायचं

वीस मिनिटं मागितली असतील तर विसाव्या मिनिटाला उठा. हार्बरने येणाऱ्यांनी सीएसएमटीहून पुढे जाण्याचा, ट्रान्स-हार्बरवरून येणाऱ्यांनी ठाण्याला गाडी बदलण्याचा वेळ धरून अर्धा तास आधी पोचा. पावसाळ्यात एक तास.

प्रश्न त्यांच्या रोजच्या कामाबद्दल विचारा. नव्या माणसाला पहिल्या सहा महिन्यांत काय करायला देता? कुठल्या चुका वारंवार दिसतात? माझ्यासारखीने आत्ता काय शिकून यावं? यातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या, कारण पुढची पायरी त्यावर उभी आहे. शेवटी एवढंच विचारा: ‘आणखी कुणाला भेटू?’ एका भेटीतून दोन नावं मिळाली तर ती भेट उत्तम झाली.

## ६. सांगितलेलं करून दाखवा

माझ्या बाबतीत सगळं इथेच घडलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. गाव आणि पक्षकार सांगणार नाही.

वकीलकाका बँकांच्या पॅनलवर आहेत. त्यांनी मला एका जमिनीचा तीस वर्षांचा टायटल सर्च, म्हणजे मालकीहक्काची तपासणी, करायला दिला. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून सूची क्रमांक दोनचे (नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीचे) उतारे, तलाठ्याकडून सातबारा, आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदी. फेरफार हाताने लिहिलेले, शाई उडालेली, त्यात वारसनोंदी, बोजे, कुळांच्या नोंदी. काका म्हणाले, ‘घाई करू नकोस. प्रत्येक फेरफार मागच्याला जुळतो का बघ.’

एक जुळेना. जमीन १९४८ च्या कूळकायद्याखाली कुळाने घेतलेली. १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिन, या तारखेला कसणारी कुळं कायद्याने खरेदीदार मानली गेली. अशी जमीन पुढे विकायला कलम ४३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागायची. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘कलम ४३ ला पात्र’ अशी नोंद होती. नव्वदच्या दशकातल्या खरेदीखतानंतर ती नोंद गायब, आणि ती कमी करणारा आदेश कुठेच सापडत नव्हता. खरेदीखतात परवानगीचा उल्लेखही नव्हता. मी ते वेगळ्या कागदावर मांडलं: फेरफार क्रमांक, तारीख, काय असायला हवं होतं, काय मिळत नाही, आणि ते शोधायला कुठल्या कार्यालयात अर्ज करावा लागेल.

काकांनी तो कागद अहवालाला जोडला. अहवाल विकासकाच्या फोर्टमधल्या वकिलांकडे गेला. आठवड्याने तिथल्या एका असोसिएट मॅडमचा काकांना फोन आला, ‘हे फेरफार वाचलेत कुणी?’ काकांनी माझं नाव सांगितलं. मला तेव्हा कल्पनाही नव्हती की जुने मराठी महसुली कागद नीट वाचणारा माणूस त्यांना सहज मिळत नाही. ज्या मराठी माध्यमामुळे मला धास्ती होती, तेच इथे उपयोगी पडलं. पुढचे चार महिने त्यांनी काकांमार्फत सुटे सर्च मला दिले, आणि टीममधला एक जण सोडून गेला तेव्हा मला बोलावलं.

तुमचं काम वेगळं असेल. पण कुणी ‘हे वाचून ये’ म्हटलं तर वाचा, अर्ध्या पानाची टिपण करा आणि पंधरा दिवसांच्या आत पाठवा. बहुतेक जण इथेच गळतात. मी आता स्वतः नव्या मुलांना भेटते, दहाजणांना वाचायला सांगितलं तर परत येणारे एक-दोनच असतात. त्यांची नावं माझ्या लक्षात राहतात.

फुकट किती राबायचं याला मात्र मर्यादा ठेवा. एखादी टिपण, एखादा छोटा सर्च ठीक. महिनोन्‌महिने पूर्णवेळ काम आणि ‘बघू पुढे’, असं होत असेल तर स्पष्ट विचारा, नाहीतर निघा.

## ७. शिफारस मागण्याची पद्धत

ज्याने तुमचं काम पाहिलंय त्याच्याकडेच शिफारस मागा. आणि त्याला नकार द्यायला जागा ठेवा: ‘तुम्हाला माझ्या कामाबद्दल खात्रीने सांगता येईल असं वाटत असेल तरच.’ मन नसताना केलेली शिफारस समोरच्याला फोनवरच कळते.

हो म्हणाले तर त्यांचे कष्ट वाचवा. जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा पाच ओळींचा मजकूर तयार करून द्या: तुम्ही कोण, सनद कधीची, कुठलं काम त्यांच्याबरोबर केलं, कुठल्या टीममध्ये यायचंय, कधीपासून मोकळ्या आहात. सोबत सीव्ही आणि नमुना. एकाच फर्ममध्ये दोन वेगवेगळ्या माणसांकरवी शिफारस पाठवत असाल तर दोघांनाही ते सांगा. नाहीतर आतल्या आत घोटाळा होतो आणि दोघंही दुखावतात.

## ८. मुलाखत

इथे ओळख संपते. सीव्हीतल्या प्रत्येक ओळीवर दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. नमुना तोंडपाठ असावा. फौजदारी किंवा लिटिगेशनची टीम असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तिन्ही नव्या फौजदारी कायद्यांची कलमं जुन्या कलमांशी जुळवून जा. माहीत नसेल तर ‘बघून सांगते’ म्हणा आणि त्याच संध्याकाळी मेलवर खरंच सांगा.

## ९. होकार देण्याआधी

फर्ममध्ये वकील बहुधा पगारी नोकर नसतात. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, म्हणून रिटेनरशिप असते. दरमहा ठरलेली फी, त्यातून १०% टीडीएस कापला जातो, आणि पीएफ सहसा नसतो. घरचे ‘पगार किती?’ विचारतील तेव्हा हातात येणारा आकडा सांगा. कंपनीत इन-हाउस जाणार असाल तर सनद स्थगित करावी लागेल, तेही आधीच समजून घ्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून ज्युनिअरना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये स्टायपेंड द्यावा असं सुचवलं. ती सूचना आहे, सक्ती नाही. तरी बोलणी करताना हा आकडा माहीत असावा.

रात्री उशीर झाला तर गाडीची सोय आहे का, हेही विचारा. पनवेल किंवा घणसोलीला राहणाऱ्यांसाठी हा साधा प्रश्न नाही. विचारल्याने कुणाचं मन दुखावत नाही.

## फसण्याच्या जागा

पैसे घेऊन इंटर्नशिप किंवा ‘फर्ममध्ये प्लेसमेंट’ देणारे भेटतील. एक रुपयाही देऊ नका. माझ्या एका मैत्रिणीचे पंधरा हजार गेले, आणि त्या ‘फर्म’चा पत्ता म्हणजे एक बंद गाळा निघाला.

सनदेसाठी एजंट भरमसाट रक्कम सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात स्पष्ट केलंय की नोंदणी शुल्क अधिवक्ता अधिनियम, १९६१ मध्ये ठरवून दिलंय तेवढंच घेता येईल: खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. मुद्रांक शुल्क लागू असल्यास तेवढं वेगळं.

लिंक्डइनवर ‘कायदेशीर सल्ल्यासाठी संपर्क साधा’ असं लिहू नका. नियम ३६ खाली वकिलाला कामासाठी जाहिरात करता येत नाही, आणि फर्मवाले तुमचं प्रोफाइल बघतातच. शिक्षण, कामाचं क्षेत्र, लिहिलेली टिपणं, एवढं ठेवा.

नातेवाइकांपैकी कुणी न्यायाधीश किंवा मोठे अधिकारी असतील तर त्यांना फोन करायला लावू नका. त्यांची अडचण होते, आणि पार्टनर सावध होतात.

## १०. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात

वही पुन्हा उघडा. ज्यांनी ज्यांनी वेळ दिला त्या प्रत्येकाला कळवा, ज्यांच्याकडून काही झालं नाही त्यांनाही. दोन ओळी पुरतात: कुठे लागले, आणि तुम्ही सांगितलेली कुठली गोष्ट उपयोगी पडली. क्लार्कना प्रत्यक्ष भेटून सांगा. मी काकांकडे पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी टेबलावरची एक नवी फाइल माझ्याकडे सरकवली, ‘हा फेरफार वाचता येतोय का बघ जरा.’ फर्ममध्ये रुजू झाल्यावर बाहेरचं काम परवानगीशिवाय घेता येत नाही, म्हणून मी फाइल न उघडताच परत केली आणि कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचं नाव त्यांना दिलं. तिची टिपण मी वाचलेली होती.